सहा सप्टेंबरची चढण

१

फुलीबाई वळवी चौदा सप्टेंबरला संध्याकाळी वाटेतच, जीपमध्येच वारल्या. कोयलीखांबचा दवाखाना मागे पडला होता आणि तालुक्याचं रुग्णालय अजून वीस किलोमीटर लांब होतं. दुपारी तीनच्या सुमारास ज्वारीत निंदणी करताना त्यांच्या पायाला साप चावला होता.

त्यांचा मुलगा शिवाजी दहा ऑक्टोबरला नंदुरबारला आला. खापरहून पहिली बस धरून तो सकाळी साडेदहाला रतिलाल मास्तरांच्या ऑफिसात पोचला. मास्तरांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि मला फोन केला. मी दोन गल्ल्या सोडून राहते. मिरची बाजार अजून भरला नव्हता, तरी त्या जिन्यात पाय ठेवला की मला ठसका लागतोच. खोकत खोकत वर गेले, तर हा तिशीचा माणूस खुर्चीच्या कडेवर बसलेला. पुढ्यातला चहा तसाच होता.

मास्तरांचं 'आरोग्यवाट' नावाचं संकेतस्थळ आहे. सातपुड्यातल्या गावांसाठी कुठल्या केंद्रात डॉक्टर आहे, सापाची लस कुठे मिळते, गाडीसाठी कुणाला फोन करायचा, एवढंच त्यात असतं, सोप्या मराठीत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी ते सुरू केलं. मी स्वतः जिल्हा कचेरीच्या सांख्यिकी शाखेत सदतीस वर्षं काढली आणि पेरण्यांचे, कुपोषणाचे, जनगणनेचे आकडे तपासले. कुणी घरी बसून रकाने भरले असतील तर ते मला दिसायचं. मास्तरांनी मला बोलावलं ते त्यासाठीच, असं मी समजले.

शिवाजीनं सगळं हळूहळू सांगितलं. घरात वाचता येणारा तो एकटाच. बारावी झालेला, हंगामात बारडोलीकडे ऊसतोडीला जाणारा. आईला साप चावला तेव्हा वडील, दिलवरसिंग, म्हणाले होते की सरळ तालुक्याला न्या. शिवाजीनं मोबाईलवर शोधलं. पहिलंच नाव 'आरोग्यवाट'चं आलं. कोयलीखांबच्या केंद्रात चोवीस तास लस आहे, असं त्यात होतं. कोयलीखांब जवळ, पण उलट्या दिशेला. तो वडिलांशी भांडला आणि जीप तिकडे वळवली. केंद्राला कुलूप होतं. लस तिथून जुलैतच हलवली होती, हे शेजारच्या बाईनं सांगितलं. तिथून गाडी फिरवून तालुक्याकडे निघाले, पण तोवर पाऊण तास गेला होता.

तीन आठवड्यांनी त्यानं ते पान पुन्हा उघडलं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: कोयलीखांबला लस मिळणार नाही, सरळ तालुक्याच्या रुग्णालयात जा.

"बा माझ्याशी बोलत नाही," तो म्हणाला. "गावात म्हणतात, घाईत वाचलं असेल. मला नुकसानभरपाई नको. मला फक्त एवढंच सांगा, मी चुकीचं वाचलं का?"

मास्तर डोक्यावरची पांढरी टोपी सारखी करत खिडकीबाहेर बघत होते. मी शिवाजीला विचारलं, त्या पानावर आणखी काय होतं ते आठवतंय का.

खाली एक मोबाईल नंबर होता, तो म्हणाला. जीपमधून तीनदा लावला, लागला नाही. त्यानं फोन काढून दाखवला. चौदा सप्टेंबर, तीन वाजून बावन्न, त्रेपन्न, छप्पन्न मिनिटं. एकच नंबर. मी तो वहीत उतरून घेतला.

मग आमच्या संगणकावर ते पान उघडलं. पानावर कुठलाही मोबाईल नंबर नव्हता.

२

मास्तरांनी मला तीन नावं दिली. धीरज संकेतस्थळाचं तांत्रिक काम बघायचा आणि ते गूगलवर वर कसं येईल याची काळजी घ्यायचा. हेमांगी मजकूर लिहायची. ममता पाडवी डोंगरातली कार्यकर्ती. केंद्रांना फोन करून खरी माहिती तीच आणायची. पान बदलायचा पासवर्ड ऑफिसात होता, ज्याला लागेल त्याला तोच एक. पानाच्या जुन्या आवृत्त्या साठवण्याची सोय धीरजनं जागा वाचवायला बंद ठेवलेली. म्हणजे पानावर कधी काय होतं, ते कुणी बदललं, याचा काही माग नव्हता.

"मग साक्षीदार कोण?" मी धीरजला विचारलं.

त्यानं संगणक चालू केला. मग म्हणाला, गूगलचा परफॉर्मन्स रिपोर्ट आहे.

तो काय असतो हे मला त्यानं दाखवलं. प्रत्येक पानासाठी, रोजचे आकडे: शोधणाऱ्यांना ते किती वेळा दिसलं, किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, आणि सरासरी कितव्या जागी आलं. धीरज दर आठवड्याला हे बघायचा. जे पान खूप दिसतं पण लोक उघडत नाहीत, त्याचं शीर्षक बदलायचा. लोक 'सर्पदंश' शोधत नाहीत, 'साप चावला' शोधतात, म्हणून तसे शब्द घालायचा. दोन वर्षांत त्यानं संकेतस्थळ असंच वर आणलं होतं.

लसीच्या पानाचे सहा महिन्यांचे आकडे मी मागून घेतले आणि घरी जाऊन कागदावर आलेख काढला. पडद्यावर मला नीट वाचता येत नाही.

एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत पान दुसऱ्या जागी होतं. रोज सात-आठ माणसं ते उघडायची. अठरा जुलैला, ममतानं बातमी आणल्यावर, हेमांगीनं लाल सूचना लावली आणि शीर्षकच 'कोयलीखांबला लस मिळणार नाही' असं केलं. वीस जुलैपासून पान घसरलं, पार पंधराव्या जागी. साहजिक होतं. लस कुठे मिळेल असं विचारणारा माणूस 'मिळणार नाही' यावर बोट ठेवत नाही, आणि कुणी उघडेनासं झालं की पान खाली जातं. तिथेच ते दीड महिना पडून राहिलं. रोज एखादा माणूस उघडायचा, कधी तोही नाही.

सहा सप्टेंबरला रेघ उभी चढली होती. तिसरी जागा. दहा तारखेला पहिली. चौदाला, फुलीबाईंना साप चावला त्या दिवशी, नऊ जणांनी पान उघडलं होतं. मग सत्तावीस सप्टेंबरला रेघ कोसळून पुन्हा चौदाव्या जागी.

पावसाळ्यात साप जास्त, शोधणारे जास्त, म्हणून असं झालं का, हे मी तपासलं. पान दिसण्याचा आकडा जवळजवळ तेवढाच होता. जागा बदलली होती आणि उघडणारे वाढले होते. 'मिळणार नाही' असं लिहिलेलं पान आपोआप पहिल्या जागी चढत नाही, आणि चढलं तरी नऊ माणसं ते उघडत नाहीत. त्या दिवसांत पानावर 'लस आहे' हेच होतं.

शिवाजीनं बरोबर वाचलं होतं. कुणीतरी लाल सूचना काढली होती आणि मग गुपचूप परतही लावली होती.

नऊ माणसं त्या दिवशी. सहा ते चौदा मिळून त्रेसष्ट. मी तो आकडा दोनदा मोजला आणि पेन्सिल खाली ठेवली.

३

दुसऱ्या दिवशी मी तिघांशी वेगवेगळं बोलले. सगळे नाकारतील, अशा तयारीनं गेले होते. तिघांनीही कबुली दिली.

हेमांगी बोलण्याआधीच रडायला लागली. ऑगस्टच्या मध्याला संकेतस्थळ अडकलं होतं, धीरज सुरतला होता. त्यानं फोनवर सांगितल्याप्रमाणे तिनं सगळ्या संकेतस्थळाची अधूनमधून काढून ठेवलेली जुनी प्रत परत चढवली. ती प्रत कधीची, हे तिनं पाहिलंच नाही. जुलैच्या आधीची असणार आणि लाल सूचना तिच्यामुळेच पुसली गेली असणार. पेपरात बातमी वाचल्यापासून महिनाभर ती हे पोटात ठेवून होती. तिनं जेवण टाकलं होतं, हे मला तिच्या गळ्याच्या हाडांवरून दिसत होतं.

मी तिला धडगावच्या गाड्यांचं पान उघडायला सांगितलं. त्यावरचे फोन नंबर तिनं जुलैच्या शेवटी बदलले होते. जुनी प्रत चढली असती तर तेही जुने झाले असते, आणि त्यानंतर तिनं त्या पानाला हात लावलेला नव्हता. नंबर नवेच होते. म्हणजे प्रत ऑगस्टमधली होती आणि तिच्यात लाल सूचना होतीच.

"तुझ्या हातून झालेलं नाही," मी म्हणाले. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. अपराधाची एवढी सवय झाली की सुटकाही खरी वाटत नाही.

ममता दारातच उभी राहिली. बाई, मी तीन गावं फसवली, म्हणाली. सत्तावीस ऑगस्टला मोलगीत रेंज मिळाली तेव्हा तिनं आपलंच पान उघडलं होतं. लाल सूचना नव्हती. लस परत आली असेल, ऑफिसात कळलं असेल, असं तिला वाटलं. केंद्राला फोन न करता तिनं तीन पाड्यांवर सांगून टाकलं. इतर वेळी ती स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय बोलत नाही. "आपलंच पान होतं ना," ती म्हणाली. "दुसऱ्याचं असतं तर विचारलं असतं."

तिच्याकडे पासवर्ड नव्हता, तिला तो कधी लागलाच नव्हता. पण तिनं सांगितलेली तारीख मी वहीत अधोरेखित केली.

धीरज सर्वांत शांत होता. पस्तिशीचा माणूस, संगणकाचं स्वतःचं दुकान सांभाळून हे काम फुकट करणारा. त्यानं एका वाक्यात संपवलं. मीच बदललं, सुरतहून, पान खाली गेलं होतं म्हणून. असं लिहून द्या, मी सही करतो.

मी त्याला विचारलं, पान बदलल्यावर तू काय करतोस.

त्यानं सवयीनं उत्तर दिलं. आपलं संकेतस्थळ लहान, गूगलचं यंत्र त्याच्याकडे आपल्या सवडीनं येतं. कधी दहा दिवस लागतात, कधी पंधरा. म्हणून पान बदललं की लगेच 'येऊन बघा' असा निरोप पाठवायचा. मग दोन दिवसांत बदल दिसतो. हेमांगीलाही त्यानं तेच शिकवलं होतं.

मी आलेख त्याच्यासमोर ठेवला. अठरा जुलैला हेमांगीनं सूचना लावली, वीसला पान घसरलं. दोन दिवस. तुझी इतर पानं बघ, सगळी दोन दिवसांत हललेली. पण लाल सूचना सत्तावीस ऑगस्टच्या आधीच गेली होती, ममतानं डोळ्यांनी पाहिलं. गूगलवर चढण दिसते सहा सप्टेंबरला. किमान दहा दिवस. ज्यानं हे केलं त्याला निरोप पाठवायचा असतो हे माहीतच नव्हतं. उतरतानाही तसंच. शिवाजीच्या आईची बातमी पेपरात सोळाला आली. त्यानंतर सूचना परत लागली असेल, तर पान पडायला अकरा दिवस गेले. दोन्ही वेळा तोच हात, आणि तो तुझा नाही.

धीरजनं चष्मा काढला. "दहा तारखेला पान पहिलं आलं म्हणून मी ऑफिसात पेढे वाटले, बाई," तो म्हणाला. "दीड महिना खाली पडलेलं पान का चढलं, हे मी विचारलं नाही. उघडूनसुद्धा बघितलं नाही. रेघ चढत होती, एवढं मला पुरलं."

मी विचारलं, तेव्हा पेढे कुणी कुणी खाल्ले.

सगळ्यांनी, तो म्हणाला. मग आठवून म्हणाला, मास्तरांनीपण.

४

शिवाजीच्या फोनमधला नंबर मी दोन दिवस लावत होते. तिसऱ्या दिवशी, बारा वाजता, लागला.

पलीकडून डोंगरसिंग नावाचा माणूस बोलला. कोयलीखांब केंद्राचा शिपाई. आवाज दबलेला. त्याच्या गावात रेंज नसते, आठवड्यातून एकदा बाजाराला आला की फोन जिवंत होतो. मी त्याला विचारलं, हा नंबर केंद्राच्या कुठल्या फलकावर आहे का. नाही, नवा आहे, ऑगस्टमध्येच घेतला. मग कुणाला दिला होता?

तो आठवू लागला. घरच्यांना. केंद्राच्या सिस्टरला. आणि पंचवीस ऑगस्टला तालुक्याला बैठक झाली, तिथे एका साहेबांनी सांगितलं होतं की सोमवारी कोयलीखांबला लस परत येईल. बैठकीनंतर बाहेर एका म्हाताऱ्या माणसानं त्याच्याकडून नंबर मागून घेतला होता. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. लोकांच्या उपयोगी पडेल, असं म्हणाला होता.

"चांगला माणूस," डोंगरसिंग म्हणाला. "मला चहाही त्यानंच पाजला. सोमवारी लस काही आली नाही."

मी फोन ठेवला. मास्तरांनी मला तीन नावं दिली होती. चौथं मी विचारलंच नव्हतं. ब्राह्मणपुरीच्या शाळेत सातवीला आलेख काढायला मला त्यांनीच शिकवलं, हे कारण मी स्वतःला दिलं. पण खरं म्हणजे मला ते नाव वहीत नको होतं.

आणि मग मी जे केलं ते सांगायला हवं. मी गप्प बसले. तो शनिवार आणि पुढचा रविवार, पूर्ण दोन दिवस. शिवाजीनं शनिवारी संध्याकाळी फोन केला, काही कळलं का म्हणून. अजून बघतेय, म्हणाले. त्याच्या घरात बाप पाठ फिरवून जेवत होता, आणि मी उत्तर उशाशी घेऊन झोपत होते. सोमवारी सकाळी उठले तेव्हा स्वतःची एवढी शरम वाटली की चहाही न घेता मास्तरांकडे गेले.

५

मास्तर ओट्यावर बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून बघितला, अक्षांवरची मोजमापं नीट घातली आहेत की नाही हेही बघितलं. मग सहा सप्टेंबरवर बोट ठेवलं.

"उशीर कया तू," ते म्हणाले. उशीर केलास. आमच्यात ते नेहमी अहिराणीच बोलतात.

मी समोर बसले. त्यांनी स्वतःहून सांगितलं. धीरजच्या ऑगस्टच्या अहवालात लसीच्या पानापुढे खाली जाणारा लाल बाण होता. ते पान त्यांचं आवडतं. संकेतस्थळ सुरू झालं तेच त्या पानापासून. बैठकीत साहेबांनी सोमवार सांगितला. मास्तर तिथून नंदुरबारला परत आले, ऑफिसात कुणी नव्हतं. एका बोटानं टाइप करत त्यांनी लाल सूचना काढली, जुनं शीर्षक लावलं, खाली डोंगरसिंगचा नंबर घातला. सोमवारी तर लस येणारच आहे, तीन दिवस आधी लिहिलं म्हणून काय झालं. मग ते विसरले. लस आली का, हे विचारायचं राहून गेलं. पेढा खाल्ला तेव्हाही आठवलं नाही. सोळाला पेपर उघडला तेव्हा आठवलं. त्याच दुपारी सूचना परत लावली आणि कुणाला सांगितलं नाही.

"मग मला कशाला बोलावलंत?" मी विचारलं. "शिवाजीला दारातून परत पाठवता आलं असतं."

"माले कोनीतरी धराले जोयजे व्हतं, प्रमिला. मन्हं तोंडच उघडे नही." मला कुणीतरी धरायला हवं होतं, माझं तोंडच उघडत नव्हतं. ते हातातल्या कागदाची घडी घालत आणि उलगडत होते. "तिन्ही पोरं सोतावर लई ऱ्हायंतात, मी दखी ऱ्हायंतू. हेमांगी जेवत नही, मी दखी ऱ्हायंतू. तरी बोलनू नही."

तिघं स्वतःवर घेत होते आणि हे बघत बसले होते. मला राग आला. राग आला हे बरं वाटलं, कारण त्याआधी दोन दिवस मला नुसती कीव येत होती.

मी त्यांना सांगितलं की हे मी शिवाजीला सांगणार नाही. ते स्वतः सांगतील. आणि त्याला एकट्याला नाही, त्याच्या बापासमोर.

६

मंगळवारी आम्ही गेलो. मास्तर, मी आणि ममता. खापरपर्यंत बसनं, पुढे जीपनं. वाटेत ममता तीन पाड्यांवर उतरली, पूर्वी सांगितलेलं परत घ्यायला. तिसऱ्या पाड्यावर एका म्हातारीनं तिला सांगितलं की तिच्या नातवाला भादव्यात साप चावला होता, पण साप बिनविषारी निघाला. कुठे नेलं होतं, असं ममतानं विचारलं. कोयलीखांबला, म्हातारी म्हणाली, तूच तर सांगितलं होतंस. ममता जीपमध्ये येऊन बसली आणि तिनं हे आम्हाला सांगितलं.

दिलवरसिंग अंगणात दोर वळत होते. शिवाजीनं खाट टाकली. मास्तर खाटेवर बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि उभ्या उभ्याच मराठीत सांगितलं, जसं ओट्यावर मला सांगितलं होतं तसंच. साहेबांचं नाव घेतलं नाही, आपण विसरलो हे लपवलं नाही. ममता वाक्यावाक्याला भिलीत सांगत गेली. एका ठिकाणी तिनं तेच वाक्य दोनदा सांगितलं. मास्तर थांबले, मग पुढे बोलले.

"तुमच्या मुलानं बरोबर वाचलं," ते शेवटी म्हणाले. "तिथे लिहिलेलं खोटं होतं. ते मी लिहिलं होतं."

दिलवरसिंगनी दोर मांडीवर ठेवला. शिवाजी कुडाला टेकून उभा होता, जमिनीकडे बघत. मग बाप भिलीत काहीतरी म्हणाला आणि ममतानं ते आम्हाला सांगितलं. ते म्हणतायत, त्या दिवशी आणखी किती जणांनी ते वाचलं.

मी उत्तर दिलं. त्या दिवशी नऊ. सहा तारखेपासून चौदापर्यंत मिळून त्रेसष्ट. कोण, ते आम्हाला माहीत नाही. आकडा नाव सांगत नाही.

ममतानं ते सांगितल्यावर दिलवरसिंगनी मास्तरांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. जे बोलले ते थोडकंच होतं. मग गावोगाव जाऊन विचार. तुझे पाय अजून चालतात.

मास्तरांनी मान हलवली. ते हो म्हणाले की नुसतेच हलले, मला कळलं नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यापासून ते ममताबरोबर जाऊ लागले आहेत. आजवर अकरा घरं सापडली. दोन ठिकाणी त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

त्या दिवशी मात्र आणखी काही झालं नाही. माफी द्यायची की नाही, यावर कुणी बोललं नाही. मास्तरांनी ती मागितलीही नव्हती. आम्ही निघायला उठलो तेव्हा दिलवरसिंग कुडाकडे वळले आणि एका महिन्यानंतर मुलाशी पहिल्यांदा बोलले.

"शिवाजी," ते म्हणाले, "पाणी आण. लांबून आलेत."

शिवाजी आत गेला. तांब्या बाहेर यायला फार वेळ लागला. आम्ही तिघंही उभेच होतो आणि आतून त्याच्या रडण्याचा आवाज येत होता. दिलवरसिंगनी दोर पुन्हा हातात घेतला.